उभ्या वाहनाचे पडिलेहण



कार्तिक महिना आपल्या व्यापारी घरांत दुहेरी लगबगीचा असतो. दुकानात वहीपूजन होऊन नवे खाते उघडते आणि चातुर्मास पूर्ण होऊन साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. याच सुमारास आणखी एक लहानशी घटना घडते, तिची नोंद मात्र कोणी घेत नाही. गोदामाच्या कोपऱ्यात किंवा घराच्या पोर्चमध्ये चार महिने आच्छादनाखाली उभी असलेली जड मोटारसायकल बाहेर काढली जाते. फडके फिरवले जाते, बटण दाबले जाते, इंजिन एकदा धडधडले की 'गाडी व्यवस्थित आहे' असा निर्वाळा मिळतो. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातील तरुण त्याच गाडीवर विहारसेवेला किंवा कुंभोजगिरी, कुंथलगिरी, मांगीतुंगीच्या वाटेला लागतो.

ठेवी, विमा, कर्ज आणि करविषयक बाबींची चर्चा करणाऱ्या या सदरात मोटारसायकल कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु दीड-दोन लाखांहून अधिक रुपयांची ही वस्तू घरातील भांडवलाचा भाग आहे, आणि तिच्यावर बसणाऱ्याचे मोल तर कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. शिवाय पहाटेच्या अंधुक प्रकाशात रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणाऱ्या साधू-साध्वींचे रक्षण व्हावे म्हणून जो वाहन घेऊन जातो, त्याच्याच वाहनाचा ब्रेक ऐनवेळी लागला नाही तर काय होईल, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा, असे मला वाटते.

क्रूझर म्हणजे काय

बैठक बुटकी, हँडल उंच व रुंद, पाय पुढे ठेवण्याची सोय आणि दोन चाकांतील अंतर अधिक, अशा ठेवणीच्या मोटारसायकलीला क्रूझर म्हणतात. आपल्याकडे या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती पुण्याच्या बजाज ऑटोच्या ॲव्हेंजरने. ही गाडी २००५ साली आली. रॉयल एन्फिल्डची थंडरबर्ड त्याआधीपासून होती. तिची जागा नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिऑर ३५० ने घेतली. आज मध्यम वर्गातील क्रूझर म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हीच गाडी येते, म्हणून उदाहरणादाखल तिचेच आकडे देतो. इंजिन ३४९ सीसीचे, एकाच सिलिंडरचे व हवेने थंड होणारे, पेट्रोलची टाकी १५ लिटरची, बैठकीची उंची ७६५ मिलिमीटर आणि तेल-पेट्रोलसह वजन १९१ किलो.

यातील शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. दोन क्विंटलच्या आसपास वजन, त्यावर चालक, मागे बसणारी व्यक्ती आणि सामान, असा साडेतीनशे किलोचा भार दोन टायरांवर आणि दोन ब्रेकांवर असतो. गाडी संथ लयीत, कमी फेऱ्यांवर धावत असल्याने तिच्यावर ताण येत नाही, असा समज होतो. इंजिनापुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. टायर, ब्रेक आणि चेन यांना मात्र वजनाचा हिशोब चुकवता येत नाही.

न हलणारा माल

आपल्या घरांतील क्रूझर बिघडते ती फार चालवल्यामुळे नव्हे. दुकानाच्या रोजच्या फेऱ्या स्कूटर करते, कुटुंबाचा प्रवास मोटारीने होतो. क्रूझर रविवारी निघते, आणि पावसाळ्यात तर तीही नाही. वर्षाकाठी दोन हजार किलोमीटरही न झालेल्या गाड्या आपल्या आजूबाजूला पुष्कळ दिसतील. मीटरवरचा आकडा लहान म्हणून मालक निश्चिंत असतो.

व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गोदामात पडून राहिलेल्या मालाची किंमत खरेदीबिलावर तीच दिसते, प्रत्यक्षात तो रोज उतरत असतो. बँकेतही दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार न केलेले खाते निष्क्रिय ठरते, आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी नव्याने ओळखपत्रे, नव्याने पडताळणी करावी लागते. उभ्या वाहनाचेही असेच आहे. किलोमीटर थांबले तरी दिनदर्शिका थांबत नाही. म्हणूनच कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे दिलेले असतात. त्यांपैकी जो आधी पूर्ण होईल तो धरावयाचा असतो. आपल्या घरांतील गाडीला बहुधा महिन्यांचाच आकडा लागू होतो, आणि नेमका तोच वाचला जात नाही.

घसाऱ्याचे गणित येथे बोलके आहे. दोन लाखांची मोटारसायकल व्यवसायात असेल तर आयकराच्या हिशोबात तिच्यावर घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा मिळतो. चार वर्षांनंतर वहीतील किंमत सुमारे १,०४,४०० रुपये उरते. गाडी जपून ठेवलेली असो वा गंजलेली, वहीला फरक पडत नाही. विमा कंपनीचा तक्ता मात्र अधिक व्यवहारी आहे. नुकसानभरपाई देताना गाडीचे वय दोन ते तीन वर्षे असेल तर धातूच्या भागांवर १५ टक्के कपात होते. रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर मात्र गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. 'झिरो डेप्रिसिएशन' हे अतिरिक्त संरक्षण घेतले असेल तर या कपातीतून बहुतांशी सुटका होते, हा भाग वेगळा. सांगावयाचे ते इतकेच की, विम्याच्या तक्त्याने आपल्याला देखभालीचा क्रमच आखून दिला आहे. लोखंड टिकते. रबर, द्रव पदार्थ आणि बॅटरी आधी जातात. तपासणी तेथूनच सुरू करावी.

आधी दृष्टी, मग हात

आपले साधू-साध्वी वस्त्रे आणि पात्रे रोज सकाळ-संध्याकाळ निरखून पाहतात. त्यात एखादा सूक्ष्म जीव तर नाही ना, हे पाहिल्यावाचून ती वापरत नाहीत. या प्रतिलेखनाला आपण पडिलेहण म्हणतो. चार महिने उभ्या असलेल्या वाहनालाही हाच नियम लावावा, आणि येथे तो केवळ दृष्टांत नाही. एअर फिल्टरची पेटी, बैठकीखालची जागा, सायलेन्सरचे तोंड, साइड पॅनेलची मागची बाजू या उंदीर, पाली, गांधीलमाश्या व कोळी यांच्या आवडीच्या जागा आहेत. धान्य, किराणा किंवा कापडाच्या गोदामात तर हमखास. बटण दाबल्यावर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून आच्छादन हळूच काढावे, बैठक उघडावी, टॉर्चच्या प्रकाशात पाहावे, आढळलेल्या जीवाला मऊ कुंच्याने बाहेर जाण्यास वाट द्यावी.

ही जयणा व्यवहारातही उपयोगी पडते. उंदराने कुरतडलेली वायर याच वेळी नजरेस पडते. तशीच बटण दाबली तर शॉर्ट होऊन फ्यूज उडतो, प्रसंगी महागडा इलेक्ट्रॉनिक भागही निकामी होतो. पुढील पावसाळ्यासाठी विषारी गोळ्यांचा मार्ग आपला नाही. सायलेन्सरच्या तोंडाला जाळीदार कापड बांधणे, गाडी धान्याच्या पोत्यांपासून दूर व उजेडात ठेवणे आणि पंधरवड्यातून एकदा हलवणे एवढ्याने बराच बंदोबस्त होतो. मात्र गाडी सुरू करण्यापूर्वी ते कापड आठवणीने काढावे.

याच पाहणीत गाडीखालची फरशी पाहावी. तेलाचा डाग आहे का? पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचे वर्तुळ दिसते का? दिसत असेल तर ऑइल सील गेले आहे. हे तेल ओघळून ब्रेकच्या पॅडवर आले तर ब्रेकची पकडच जाते. सील स्वस्त असते, ते आजच बदलावे.

पेट्रोल, बॅटरी आणि इंजिन ऑइल

आता पंपावर मिळते ते इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्याची दमट हवा, अर्धी रिकामी टाकी आणि चार महिन्यांचा काळ एकत्र आले की टाकीच्या वरच्या भागात गंज आणि तळाशी पाणी, असा परिणाम होऊ शकतो. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. बाहेर काढताना जुन्या पेट्रोलला ओशट किंवा आंबूस वास येत असेल तर ते मेकॅनिककडून काढून घ्यावे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कार्ब्युरेटर नसून इंजेक्शन पद्धत असते. तिचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. 'रिझर्व्हवर अजून तीस किलोमीटर जाईल' ही जुन्या गाडीची सवय नव्या गाडीत म्हणूनच महागात पडते. जुनी कार्ब्युरेटरची ॲव्हेंजर किंवा थंडरबर्ड असेल तर उभी करण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या कटोरीतील पेट्रोल काढून टाकावे. ते आटून चिकट झाले की बारीक जेट बुजतात.

बॅटरी बारा व्होल्टची. पूर्ण भारित, विश्रांती घेतलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक दाखवतो. १२.४ च्या खाली आकडा आला तर ती चार्ज करावी. गाडी बंद असतानाही घड्याळ आणि इतर इलेक्ट्रॉनिक भाग थोडीथोडी वीज घेत असतात, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी दीर्घकाळ तशीच राहिली तर नंतर चार्ज करूनही तिच्यात पूर्वीचा जोर येत नाही. महिनाभराहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर सोडवावी. सोडवताना आधी ऋण, मग धन, आणि जोडताना आधी धन, मग ऋण, हा क्रम पाळावा.

पुष्कळ घरांत वडीलधारे मंडळी रोज सकाळी गाडी दोन मिनिटे सुरू करून ठेवतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ती वाफ बाहेर पडते. दोन मिनिटांत ती आतच निवते, तेलात मिसळते, सायलेन्सर आतून गंजवते, आणि बॅटरीतून स्टार्टरने घेतलेली वीजही भरून निघत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडलेला पाहून, अर्धा तास गाडी फिरवून आणावी. इंजिन, बॅटरी, टायर, चेन, ब्रेक या सर्वांना एकाच फेरीत व्यायाम मिळतो.

इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलावेच, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. तेल घेताना डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण पाहावी. मोटारसायकलीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. घरात उरले आहे म्हणून मोटारीचे तेल घातले तर त्यातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. आणि काढलेले काळे तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. पृथ्वीकाय आणि अप्‌काय जीवांची ही विराधना टाळणे आपल्या हातात आहे. ते तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे, आणि ते कोठे जाते हे एकदा विचारावे.

ब्रेक, टायर आणि चेन

वाचकांनी या लेखातील एकच परिच्छेद लक्षात ठेवावयाचा झाला तर तो ब्रेकचा असावा. डिस्क ब्रेकमधील द्रव, ज्याला गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात, तो हवेतील ओलावा शोषून घेतो. सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या डॉट-४ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापतात, उष्णता द्रवापर्यंत पोहोचते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, द्रव दबत नाही. परिणामी लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि ब्रेक लागत नाही. गाडीला एबीएस आहे म्हणून हा धोका टळत नाही, कारण एबीएस त्याच द्रवावर काम करते. तेव्हा दर दोन वर्षांनी हा द्रव पूर्ण बदलावा, आणि तो सीलबंद बाटलीतूनच घातला जात आहे हे समोर उभे राहून पाहावे. उतरणीला खालचा गिअर ठेवावा, म्हणजे इंजिनच वेग रोखून धरते.

द्रवाची पातळी कमी दिसली की वरून भर घालण्याची घाई करू नये. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. म्हणजे आधी पॅड पाहावेत. पॅड पुरेसे जाड असूनही पातळी घटली असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि अशा स्थितीत गाडी रस्त्यावर काढूच नये. पावसाळ्यानंतर डिस्कवर दिसणारा तांबूस थर चार-दोन ब्रेक मारल्यावर निघून जातो. परंतु गाडी ढकलताना चाक जड वाटले, तर कॅलिपरचा पिस्टन अडकला आहे असे समजावे आणि तो साफ करून घ्यावा.

टायरची नक्षी खोल दिसते म्हणून टायर चांगला, असे नाही. बाजूच्या भिंतीवर चार अंकांचा शिक्का असतो. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. भिंतीवर केसासारख्या भेगा दिसल्या तर नक्षी शाबूत असली तरी बदलावा. एकाच जागी उभ्या गाडीच्या टायरला खालून सपाटी येते. त्यासाठी मेन स्टँड असेल तर तो वापरावा, नसेल तर आठवड्याला गाडी हातभर पुढेमागे करावी. हवा नेहमी टायर थंड असताना भरावी. एकटे जाताना आणि मागे कोणी बसलेले असताना मागच्या टायरचे आकडे वेगळे असू शकतात. ते पुस्तिकेतून पाहून टाकीच्या झाकणामागे किंवा पेटीत चिकटवून ठेवावेत. तारांची चाके असतील तर प्रत्येक तारेवर हलकेच टिचकी मारावी. सैल तारेचा आवाज बद्द येतो.

चेन साधारण दर पाचशे किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर स्वच्छ करून तिला वंगण द्यावे. आतल्या कड्यांत रबरी ओ-रिंग असतात, त्या पेट्रोलने फुगतात व खराब होतात. रॉकेल किंवा चेनसाठीचा क्लीनर वापरावा. वंगण फेरी संपवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने द्यावे. येथे एक सूचना कळकळीने करतो. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडके धरण्याची पद्धत अनेक जण अवलंबतात. फडके चेन आणि स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्यासोबत बोटे जातात. चाक हातानेच फिरवावे. दोन मिनिटे अधिक लागतील. चेनचा सैलपणा बहुतेक गाड्यांत दोन ते तीन सेंटीमीटर असतो. नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. चेन फार ताणली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो, फार सैल ठेवली तर ती उडून चाकात अडकू शकते.

क्रूझरच्या हौसेत चामड्याच्या बॅगा, चामड्याचे सीट कव्हर, हातमोजे असा साज येतो. कॅनव्हास, रेक्झिन व जाड कृत्रिम धाग्याचे उत्तम पर्याय आता सहज मिळतात. पावसाळ्यात चामड्याला बुरशी लागते, या पर्यायांना निगाही कमी लागते. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

गाडी सुरूच होत नाही तेव्हा

मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात. हँडलवरचे तांबडे किल स्विच चालू स्थितीत आहे का? साइड स्टँड वर आहे का? स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडावे अशी रचना अनेक नव्या गाड्यांत असते, आणि त्याचा स्विच चिखलाने अडकतो. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? किल्ली फिरवल्यावर टाकीतून पंपाचा क्षणभर गुणगुण आवाज येतो का? बटण दाबल्यावर नुसता 'टक' आवाज येऊन दिवे मंदावतात का? मंदावत असतील तर बॅटरी किंवा तिचे गंजलेले टर्मिनल हे कारण. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा नवा घालावा. तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

गॅरेजमध्ये गाडी देताना 'सगळे बघून घ्या' असे सांगू नये. लेखी यादी द्यावी, बदललेले जुने भाग परत मागावेत, बिलावर मीटरचा आकडा लिहून घ्यावा. जुना भाग पाहिला की तो खरोखर झिजला होता का, हे आपल्यालाही हळूहळू कळू लागते. प्रामाणिक मेकॅनिकला याचा राग येत नाही. दुकानात गिऱ्हाइकाने माल पारखून घेतला तर आपल्याला तरी कोठे येतो?

कागदपत्रांची देखभाल

सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा विमा काढला जातो. तो पाच वर्षांसाठी लागू असतो तो केवळ तृतीय पक्षाच्या नुकसानीपुरता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो, आणि 'पाच वर्षांचा विमा आहे' या समजुतीत त्याचे नूतनीकरण राहून जाते. मुदत संपून नव्वद दिवस उलटले तर दावा न केल्याबद्दलची सवलतही जाते. पहिल्या वर्षानंतर ती २० टक्के असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढते. म्हणजे उभ्या गाडीचा विमा थांबवून वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात. शिवाय उभी गाडीही चोरीस जाते, पाण्यात बुडते. प्रदूषण तपासणीची मुदत याच वेळी पाहावी. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन नोंदणी पुस्तकातील बँकेचा बोजा उतरवून घ्यावा. हप्ते संपल्याच्या आनंदात हे काम राहते आणि गाडी विकताना किंवा वारसाच्या नावे करताना आठवते.

एक वही

आता मुख्य सूचना. या कार्तिकात दुकानाच्या वह्यांबरोबर एक शंभर पानी वही गाडीसाठी घ्यावी. पहिल्या पानावर गाडीचा, इंजिनाचा व चॅसिसचा क्रमांक, टायरवरील चार अंक, बॅटरी बसवल्याची तारीख आणि विम्याची अखेरची तारीख लिहावी. पुढील पानांवर सहा रकाने आखावेत : तारीख, मीटर, केलेले काम, बदललेला भाग, रक्कम आणि पुढील तारीख. सहावा रकाना रिकामा ठेवू नये. ब्रेक ऑइल आज बदलले तर तेथे दोन वर्षांनंतरचा महिना, इंजिन ऑइल बदलले तर पुढच्या वर्षीचा महिना लिहावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सामायिकानंतर, पंधरा मिनिटे या कामाला द्यावीत.

ही वही मुलाने लिहावी आणि वडिलांनी महिन्याला एकदा पाहावी. आपल्या पेढ्यांवर रोजमेळ असाच शिकवला जात असे : लिहिणारा लहान, पाहणारा मोठा. गाडी देताना 'जपून चालव' असे आपण प्रत्येक वेळी सांगतो, परंतु ती जपून ठेवावी कशी, हे कोणी सांगत नाही. वहीतील सहा रकाने ते सांगतात. चार-पाच वर्षांनी गाडी विकावयाची वेळ आली तर हीच वही ग्राहकापुढे ठेवावी. व्यापाऱ्याला नोंदीची किंमत ठाऊक असते.

उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश पुनःपुन्हा केला आहे. तो आत्म्याविषयी आहे, त्याला मोटारसायकलीशी जोडण्याचे धाडस मी करणार नाही. एवढे मात्र सर्वांना मान्य व्हावे की, ज्या वाहनावर आपण विहारसेवेसाठी निघतो, त्याच्या बाबतीत बेफिकीर राहण्याची सवय त्या सेवेला शोभणारी नाही. विहाराला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पाच गोष्टी पाहाव्यात : दोन्ही ब्रेक, दोन्ही टायरांतील हवा, हेडलाइटचा झोत, मागचा तांबडा दिवा आणि चारही इंडिकेटर. दहा मिनिटांचे काम आहे. गाडीवर जाणारे दोन असतील तर एकाने बटणे दाबावीत, दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे.

पुढील अंकात मुदत ठेवी आणि लॉकर यांवरील वारसनोंदीविषयी लिहिण्याचे योजिले आहे.

जय जिनेंद्र.